वाडा घाटाखाली उतरला



दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी आटोपली, की कल्याण-मुरबाड रस्त्यावर मेंढरं दिसू लागतात. पुढे तट्टू. त्याच्या पाठीवर गाठोडी, भांडी आणि सगळ्यांत वर, माना बाहेर काढून बसलेली चार दिवसांची कोकरं. पारनेर, संगमनेर, जुन्नरकडच्या धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडं, माळशेज घाट उतरून आपल्या ठाणे जिल्ह्यात आलेले असतात.

त्यांच्या गावी वर्षाकाठी पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्यातच माळ पिवळा पडतो. आपल्याकडे त्याच्या चौपट-पाचपट पाऊस पडतो, त्यामुळे कापलेल्या खाचरांत आणि बांधांवर चारा शिल्लक असतो. मात्र आपला पावसाळा दख्खनी मेंढीला सोसत नाही. चिखलात खूर कुजतात. म्हणून मृगाआधी वाडा पुन्हा घाट चढतो. उघड्यावर राहणाऱ्या या कळपांना अवकाळी पाऊस किती महाग पडतो, ते डिसेंबर २०२१मध्ये दिसलं. घाटावर त्या पावसाच्या गारठ्यात एका रात्रीत मेंढ्या मेल्या. मेंढी हीच ज्यांची बँक, त्यांच्या घरातलं धान्यच त्या रात्री गेलं म्हणायचं.

इकडे घाटाखाली शेतकरी आपल्या खाचरात मेंढ्या बसवून घेतो. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात आणि रात्रभर कळप तिथे बसतो. लेंड्या आणि मूत जागच्या जागी मुरतात, वाहतुकीचा खर्च नाही. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. एक-दोन एकरवाल्याची खताची गोणी वाचते आणि धनगराला त्याबद्दल पूर्वी भात मिळायचा, आता बहुतेक रोख पैसे. दोन गरीब घरं एकमेकांच्या पोटाची तजवीज करतात, तीही कुठल्या योजनेशिवाय. मला याचं फार मोल वाटतं.

पण खाचरंच कमी होत चालली आहेत. कल्याणपासून मुरबाडपर्यंत प्लॉटिंगच्या पाट्या आणि तारेची कुंपणं, भिवंडीकडे गोदामं. गेल्या वर्षी जिथे वाघर लागली होती, तिथे यंदा भिंत उभी असते. कळपाला मग हमरस्त्यानंच चालावं लागतं, रात्रीच्या ट्रकांच्या उजेडात.

टोकावड्याच्या अलीकडे एका वाड्यावर मी थांबलो होतो. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई बाजरीची भाकरी भाजत होती. बाजूला डालग्याखाली कोकरं ओरडत होती. पिठाची पिशवी तळाला गेली होती. रेशनचं विचारलं, तर म्हणाली, कार्ड गावी सासूजवळ आहे. इथे ते चालतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

श्रोतेहो, २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. 'एक देश, एक रेशन कार्ड' आल्यापासून हे धान्य कुठल्याही गावच्या रेशन दुकानात मिळतं. कार्ड हातात नसलं तरी त्याचा नंबर किंवा आधार क्रमांक पुरतो. शिवाय काही भाग इथे आणि उरलेला गावी असंही उचलता येतं. म्हणजे म्हातारी घरी उपाशी राहत नाही. फिरत्या माणसासाठी याहून सोयीची तरतूद कोणती? पण ती वाड्यापर्यंत पोहोचवणार कोण? २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. रस्त्याकाठच्या ग्रामपंचायतींनी यंदा निदान एवढं करावं: वाडा दिसला की दुकानाची वेळ सांगावी, गुरांच्या डॉक्टरला कळवावं आणि मेंढ्यांना हौदावर पाणी पिऊ द्यावं.

त्या बाईनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आधारची झेरॉक्स शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात गेलो. दोर आणि दगड हाताळून घासलेला तिचा अंगठा दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्राला दोनदा ओळखू आला नाही. तिसऱ्यांदा तिनं तो पदरानं पुसला, दाबून धरला आणि पावती निघाली. तिच्या आणि नवऱ्याच्या वाटचं दहा किलो धान्य दुपारी तट्टावर, कोकरांच्या शेजारी चढलं.