आकुर्डी ते राज्यसभा

चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर मोटारींसाठी ओळखलं जातं, तशी पुण्याजवळची आकुर्डी स्कूटरसाठी. या आकुर्डीचे उद्योगपती राहुल बजाज. जन्म १९३८चा. आजोबा जमनालाल गांधीजींचे निकटवर्ती. वडील कमलनयन वर्ध्यातून लोकसभेवर गेलेले.

राहुलजींनी १९६८मध्ये बजाज ऑटोची सूत्रं हाती घेतली. बिऱ्हाडही कारखान्याच्याच आवारात! चेतक स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो काळ.

२००६मध्ये प्रमोद महाजनांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या जागेवर ते अपक्ष म्हणून राज्यसभेत निवडून गेले आणि २०१०पर्यंत खासदार राहिले. सत्ताधाऱ्यांना सुनवायला ते कधी कचरले नाहीत. सरकारवर टीका करायला लोक घाबरतात, हे २०१९मध्ये त्यांनी गृहमंत्री अमित शहांसमोरच सांगितलं.