पाऊल समेवर पडावे म्हणून
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माणसाची साठी झाली की आपण त्याची शांत करतो. शाळेची साठी झाली, तर तिच्या पुढल्या साठ वर्षांची चिंता वाहावी, असे मला वाटते. महोत्सव निधीचा विनियोग कसा करावा, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली. मी विदुषी नव्हे. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि गाणे घरापुरते जपले. तेव्हा जे अनुभवले आणि थोडेफार वाचले, तेवढेच सांगते.

पाचवीत असताना आंतरशालेय गायन स्पर्धेत मला पहिले पारितोषिक मिळाले होते. आवाज बरा होता, पाठांतर चोख होते; पण समेवर येणे मला जमत नसे. तबलजी मला सांभाळून घेत आणि ते कोणाच्या लक्षात येत नसे. लक्षात आले ते आपल्या गायनाच्या सरांच्या. त्यांनी मला वर्गातून उठवून मैदानातल्या कडुनिंबाखाली नेले आणि दादरा म्हणत झाडाभोवती चालायला लावले. पहिल्या मात्रेला पाऊल जोरात, चौथ्या मात्रेला हात मोकळा. तीन आणि तीन, तीन आणि तीन. आठ दिवस मुली मला हसत होत्या. नवव्या दिवशी सम कोठे आहे, हे मला कोणी सांगावे लागले नाही. ती माझ्या टाचेत येऊन बसली होती.

सरांनी ही युक्ती कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की याच विचारावर एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले होते. त्यांचे नाव एमिल झाक-दालक्रोझ. जन्म १८६५, व्हिएन्ना, कर्मभूमी जिनिव्हा. तेथील संगीत विद्यालयात ते १८९२ पासून शिकवत होते. विद्यार्थ्यांची बोटे वाद्यावर सफाईने फिरत; पण जे स्वर ते कागदावर लिहीत, ते त्यांना मनात ऐकू येत नसत, आणि लय तर वारंवार सुटे. तीच मुले रस्त्याने चालताना मात्र एका लयीत चालत. म्हणजे लय देहात होतीच. शिक्षणाने तिला हाक मारली नव्हती. मग त्यांनी मुलांना बाकांवरून उठवले. शिक्षक पियानो वाजवी आणि मुले त्या लयीत चालत, धावत, थबकत. ‘हॉप’ असा शब्द उच्चारताच चाल बदलायची. पायांनी एक लय, हातांनी दुसरी. ही पद्धती पुढे युरिदमिक्स या नावाने ओळखली गेली.

आपल्याला यात फारसे नवल वाटू नये. हाताने टाळी आणि खाली दाखवल्याखेरीज आपल्याकडे ताल शिकवला जात नाही. लेझीम, फुगडी, टिपऱ्या, वारकऱ्यांची पावली, या साऱ्यांत गाणे पायांतूनच वर चढते. मात्र शाळेच्या गायनवर्गात आपण मुलांना रांगेत ताठ उभे केले आणि हा वारसा उंबऱ्याबाहेर ठेवला. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या मुलांना तर तो गल्लीतही भेटत नाही.

आता मुद्द्याकडे येते. ही पद्धती पुस्तकातून शिकता येत नाही. शिक्षकाला मुलांची पावले पाहता पाहता, त्या क्षणी, त्यांना साजेसे संगीत स्वतः रचून वाजवावे लागते. त्यासाठी लयीचे देहगत शिक्षण, कान घडवणारे स्वरशिक्षण आणि उत्स्फूर्त वादन, अशा तिन्ही अंगांचा अभ्यास लागतो, आणि तोही जाणत्या शिक्षकासमोर बसून. त्याला वर्षे लागतात. अशा शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून भागणे कठीण असते. म्हणून या पद्धतीच्या पाठीशी आरंभापासून कोणी ना कोणी दाता उभा राहिला.

पहिला मोठा दाता वोल्फ दोर्न. १९१० मध्ये त्यांनी दालक्रोझ यांना जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या हेलेराउ या उद्यानवसाहतीत बोलावले. १९११ मध्ये तेथे त्यांच्यासाठी भव्य वास्तू उभी राहू लागली. १९१२ आणि १९१३ च्या तेथील उत्सवांना युरोपभरातून रसिक आले. बर्नार्ड शॉही येऊन गेले. पण १९१४ च्या आरंभी दोर्न बर्फावरील अपघातात निवर्तले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. राँस येथील कॅथेड्रलवर जर्मन तोफांचा मारा झाला, त्याच्या निषेधपत्रावर दालक्रोझ यांनी सही केली आणि हेलेराउचे दार त्यांना कायमचे बंद झाले. ती देखणी वास्तू पुढे सैनिकी छावणीचा भाग झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक दशके ती सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होती.

मग ही विद्या टिकली कशी? ती शिकलेल्या शिक्षकांमुळे. लंडनमध्ये पर्सी इंगम या गृहस्थांनी १९१३ मध्येच या पद्धतीची शाळा स्थापन केली होती आणि तेथे शिक्षक घडत होते. १९१५ मध्ये जिनिव्हा येथे स्नेह्यांच्या साह्याने दालक्रोझ यांची संस्था उभी राहिली; ती आजही शिक्षक घडवते आहे. अमेरिकेतली दालक्रोझ सोसायटी ही ना-नफा संस्था शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना शिष्यवृत्त्या देते. वास्तू हातची गेली. माणसांवर खर्चलेला पैसा वाया गेला नाही.

अशीच एक कथा आपल्या घरातही आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते लोकाश्रयाच्या बळावर. तेथे उपदेशक वर्ग काढून त्यांनी संगीतशिक्षक तयार केले. त्या शिष्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार स्वतः उचलला. पुढे मुंबईत इमारतीसाठी त्यांनी कर्ज काढले आणि ते न फिटल्याने ती लिलावात गेली. १९३१ मध्ये पंडितजी गेले. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. विनायकबुवा पटवर्धन पुण्यात, ओंकारनाथ ठाकूर काशीत शिकवत राहिले. महाराष्ट्राबाहेर आज गावोगावी संगीताच्या परीक्षा होतात, त्यांच्या मुळाशी हा उपदेशक वर्ग आहे.

मंडळी, आता एक कबुली. सर निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी माझ्या घरी आले होते. म्हणाले, “तू वर्ग घे. मी शेजारी बसून शिकवतो.” मी नाही म्हटले. शाळेला देता येण्याजोग्या मानधनात माझे घर चालले नसते, आणि ते सरांनाही ठाऊक होते. ते रागावले नाहीत. चहा घेऊन गेले. त्यांच्यामागे ती जागा रिकामीच राहिली.

गेल्या श्रावणात मी प्रार्थनेच्या वेळी येथे उभी होते. प्रार्थना ध्वनिक्षेपकावर वाजत होती आणि मुले नुसते ओठ हलवत होती. कोणाचाही एक पाय हलत नव्हता. हा दोष शाळेच्या आजच्या शिक्षकांचा नव्हे. ते तर दोन माणसांची कामे एकटे करतात. दोष आमचा आहे, माझा आहे.

सरांच्या नावे रंगमंच बांधावा, अशी सूचना समितीपुढे आहे. ती प्रेमापोटी आली आहे. तिला विरोध करताना मला संकोच वाटतो, तरी विरोध करते. रंगमंचावर उभे कोणाला करणार? माझी विनंती अशी, की सरांच्या नावे एक विश्वस्त निधी व्हावा. मूळ रकमेला हात लागू नये. व्याजातून एका तरुण शिक्षकाला लय, स्वर आणि हालचाल यांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळावी. परत आल्यावर त्याने येथे शिकवावे, आपल्यानंतरचा एक जण तयार करावा, आणि त्या काळात त्याला घर चालवता येईल असे मानधन मिळावे. ही शेवटची अट मी मुद्दाम घालते. दाते बहुधा शिकण्याला पैसे देतात आणि शिकवणाऱ्याच्या चुलीकडे पाहायला विसरतात.

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील काही वाटा मी या निधीसाठी बाजूला ठेवला आहे. निधी स्थापन झाला, तर त्याची पहिली पावती माझ्या नावे फाडावी. हे औदार्य नव्हे. चहा घेऊन गेलेल्या पाहुण्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

कडुनिंब अजून जागेवर आहे. त्याच्याभोवती पुन्हा मुले चालावीत, एवढीच प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.