खाणीनंतरचा ओढा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही नेमकं काय काम करता ते पोरांना कळेल असं सांगा." सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांना बँकेचं ॲप आठवतं. माझं काम पाण्याशी आहे. जमिनीच्या उंचीचे आकडे घेऊन पावसाचं पाणी कुठून कुठे वाहील, हे काढणारे प्रोग्रॅम मी लिहिते. त्यातला एक भाग आज सांगते: कोळसा काढून झाल्यावर तिथले ओढे पुन्हा कसे घडवायचे.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळा पाषाण आहे, कोळसा नाही. कोळसा आहे विदर्भात, वर्धा नदीच्या खोऱ्यात: चंद्रपूर, भद्रावती, घुग्घुस, राजुरा, वणी. तिथल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आहेत. तिकडचं आपल्याला काय, असं वाटेल. पण वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. गंगाखेडला आपण जिला गंगा म्हणतो, तीच ही गोदावरी.

खुल्या खाणीत कोळशावरची माती, मुरूम, वाळूचा खडक आधी उपसून बाजूला टाकतात. त्याचे डोंगर होतात. नियम असा, की ढीग ३० मीटरपेक्षा उंच झाला तर त्याला पायऱ्या करायच्या आणि उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तरीही ती माती भुसभुशीत असते, मुळांनी धरलेली नसते. आता विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? ५ लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर, एका हेक्टरवर. हे पाणी उतारावरून सुटलं की ओघळी पाडतं, माती घेऊन खाली येतं आणि नाल्यात, नदीत बसतं. पात्र उथळ होतं, मग थोड्या पावसातही पाणी बाहेर पडतं.

म्हणून ढिगाभोवती चर खणतात. हाराप्रमाणे वेढा घालतो म्हणून त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. चराचं पाणी गाळाच्या तळ्यात आणायचं, तिथे ते थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी नाल्यात सोडायचं. ढिगाच्या पायथ्याशी दगडी भिंत. ऐकायला सोपं आहे. पण तळ्यातला गाळ पावसाळ्याआधी काढला नाही, तर पुढच्या पावसात ते तळं असून नसल्यासारखं.

चंद्रपूर शहराला लागून इरई नदी वाहते. नदीकाठी खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत. पात्र मोकळं करा म्हणून चंद्रपूरकरांनी आंदोलनं केली. जुलै २०२२ मध्ये इरईचं पाणी शहराच्या वस्त्यांत शिरलं. पुराला कारणं अनेक असतात. अतिवृष्टी, धरणाचा विसर्ग, नदीकाठची बांधकामं. पण नदीची जागा मातीने भरली, तर पाणी घरांची जागा घेतं, एवढं साधं गणित आहे.

चर आणि तळं ही खाण चालू असतानाची व्यवस्था. खाण बंद झाल्यावर ते चर कोण उपसणार? म्हणून पुढचा विचार असा, की जमिनीला असा आकार द्यावा की माणूस नसतानाही ती टिकेल. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने खाणवाल्यांवर जमीन साधारण पूर्वीच्या आकारात आणण्याचं बंधन घातलं. पुढे न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा खाणीवर निकोलस बुगोश यांनी नैसर्गिक ओढ्यांच्या मापावरून जमीन घडवण्याची पद्धत वापरली. तिचं सॉफ्टवेअरही झालं.

पद्धत अशी. जवळचा न बिघडलेला ओढा मोजायचा. तो उगमाकडे तीव्र उताराचा आणि खाली येत सपाट होत जातो. त्याला किती उपओहोळ मिळतात, तेही मोजायचं. वळणं का घेतो? वळणाने वाट लांबते, उतार कमी होतो, पाण्याचा जोर घटतो. एका वळणापासून तशाच पुढच्या वळणापर्यंतचं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा ते चौदा पट असतं. ही मापं नव्या जमिनीवर उतरवायची. पात्र वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या पुराइतकंच ठेवायचं आणि मोठ्या पुराला पसरायला दोन्ही बाजूंना सपाट जागा सोडायची. खाली भराव असल्याने पाणी झिरपून जातं, म्हणून तळाला चिकणमाती दाबून बसवायची.

माझा प्रोग्रॅम यात काय करतो? जमिनीचे चौकोनी तुकडे करतो. प्रत्येक तुकडा आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो आणि ज्या बाजूला उतार सर्वांत जास्त, तिकडे पाणी ढकलतो. हेच लाखो वेळा केलं की पडद्यावर ओढा उमटतो.

आपल्या देशात २००९ पासून कोळसा खाणींना बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि खुल्या खाणीसाठी हेक्टरी मूळ दराने (२००९ मध्ये तो ६ लाख रुपये होता), महागाईप्रमाणे वाढवत, पैसे वेगळ्या खात्यात भरावे लागतात. म्हणजे पैशाची तरतूद आहे. झाडं किती लावली ते मोजलं जातं. ओढे किती जिवंत झाले, तेही मोजलं गेलं पाहिजे.

आणि हे फक्त खाणवाल्यांसाठी नाही. आपल्याकडेही धुऱ्यावरचा ओहोळ जेसीबीने बुजवतात, नाला सुतासारखा सरळ करतात. सरळ नाल्यात पाणी पळतं आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध फोडतं. विदर्भात जो ओढा परत आणायला कोट्यवधी रुपये लागतात, तो आपल्या शिवारात आज फुकट वाहतोय.

म्हणून शाळेला एक विनंती. येत्या पावसाळ्यात विज्ञानाच्या तासाला मुलांना शिवारात न्या. एक टेप, एक दोरी, दोन काठ्या पुरतात. प्रत्येक ओढ्याची रुंदी, खोली, वळणं वहीत नोंदवा आणि दरवर्षी पुन्हा मोजा. पुढे कुणी विचारलं की इथे ओढा होता का, तर या शाळेच्या कपाटात उत्तर असेल. मोजणीचे तक्ते मी तयार करून पाठवते आणि पहिल्या मोजणीला स्वतः येते.