स्पॅनिश पद्धतीचे घर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘घर’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरात वावरण्याचा अनुभव पंचवीस वर्षांचा आहे. गावाकडे शेतावर आम्ही घर बांधणार आहोत. ते ‘स्पॅनिश’ पद्धतीचे व्हावे, अशी धाकट्या भावोजींची हौस आहे. पुढे तीन कमानी, पांढऱ्या भिंती, वर तांबडी कौले. ही पद्धत मुळात निघाली कशी, हे मी मुलीकडून वाचून घेतले. तेच आज सांगते.

स्पेनच्या पाद्र्यांनी १७६९ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात आपली ठाणी वसविली. मुलूख उन्हाचा. तेव्हा माती व वाळके गवत कालवून विटा पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. त्या विटेला ‘अडोबी’ म्हणतात. भिंती चांगल्या दोन-दोन हात जाड. दिवसाचे ऊन अशा भिंतीतून आत उतरेपर्यंत रात्र होते. म्हणून दुपारी घर थंड आणि रात्री उबदार. पावसाने माती झडू नये म्हणून वरून चुना. कौले आपल्या नळीच्या कौलांसारखी. मध्ये अंगण, त्याला ‘पॅटिओ’ म्हणतात. त्याच्या कडेने पडवी, आणि खोल्यांची दारे पडवीत उघडणारी. शोभा नंतर आली, आधी गरज होती. या बांधकामाचे कष्ट मात्र बहुतांशी तेथील मूळ रहिवाशांनी उपसले, आणि त्यांचे फार हाल झाले, हेही विसरता कामा नये.

पुढे १९१५ साली सान डिएगो शहरात मोठे प्रदर्शन भरले. तेथील इमारती पाहून लोकांना या पद्धतीची नव्याने गोडी लागली. त्या शहराजवळ रँचो सांता फे नावाची वसाहत आहे. रेल्वे कंपनीने रुळांखालच्या स्लीपरांसाठी तेथे निलगिरीची झाडे लावली होती. पण ते लाकूड त्या कामी निरुपयोगी ठरले. मग तेथे फळबागा व बागेतली घरे करावयाचे ठरले, आणि १९२२ साली ते काम लिलियन राइस या बाईंकडे आले! बर्कलेच्या विद्यापीठातून त्या १९१० साली पदवीधर झाल्या होत्या. त्यांनी घरे बुटकी व साधी ठेवली. जमिनीचा चढउतार आणि उभी झाडे सांभाळली. नक्षीचा सोस केला नाही.

हे ऐकल्यावर मी आमचा नकाशा पुन्हा पाहिला. कमानी तीन होत्या, चौक नव्हता. स्वयंपाकघर पश्चिमेला, आणि त्याला मागे दारही नाही. कमानी पाहणार रस्त्याने जाणारा माणूस; पश्चिमेचे ऊन सोसणार मी आणि जाऊबाई! मी म्हटले, “भावोजी, कमान एकच ठेवा. उरलेल्या दोहोंच्या खर्चात चौकाला पडवी होते का, तेवढे पाहा.” त्यांनी नकाशा घडी करून ठेवला. अजून होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आणखी एक गोष्ट. जाड भिंत चांगली खरी, पण नुसत्या जाडीवर भरवसा ठेवू नये. किल्लारीच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. भिंती एकमेकींशी पक्क्या बांधलेल्या हव्यात. ते जाणत्या इंजिनिअरलाच विचारावे. आपल्याकडे चौकात पावसाचे पाणी साचते, त्याला मोरीही आधीच काढावी.

भगिनींनो, घराच्या खर्चाची बोलणी पुरुष करतात, ठीक आहे. पण नकाशा पेन्सिलीत आहे तोवर आपण त्यावर बोट ठेवून विचारावे : दुपारी दोन वाजता ऊन कोठे असेल? पापड कोठे वाळतील? सासूबाई वाऱ्याला कोठे बसतील? ही उत्तरे मिळाली की घराला नाव स्पॅनिश द्या, नाही तर देशी द्या. एकदा भिंत उभी राहिली की मग सांगून उपयोग नसतो.