विमानाच्या टाकींतील रॉकेल

चिकलठाण्याच्या विमानतळावर मे महिन्याच्या दुपारीं विमानांत तेल भरलें जात असतांना पाहणाऱ्यास वाटतें कीं, तें पेट्रोलच असावें. ही समजूत अगदींच निराधार नव्हे. जे. आर. डी. टाटांनीं १९३२ सालीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें तें पेट्रोलच्याच बळावर, आणि कित्येक लहान विमानें अजूनहि पेट्रोलच जाळतात. जेट विमानाचें खाद्य मात्र निराळें. पूर्वीं घरोघरीं स्टोव्हांत जळणाऱ्या रॉकेलचें तें सख्खें भावंड; फक्त त्याचें सोंवळें फार कडक!

या सोंवळ्यांतील दोन आंकडे मुख्य. ३८ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तेलाची वाफ ठिणगीनें पेटतां कामा नये, आणि उणे ४७ अंशांपर्यंत तेल गोठतां कामा नये. पहिल्या आंकड्याचें मोल छत्रपती संभाजीनगरास सांगावयास नको. तेथें उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे सावलींतली हवाच त्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. त्यांत नळींतून वेगानें वाहणाऱ्या तेलांत घर्षणानें वीज सांचते. म्हणून तेलाची गाडी व विमान यांना तारेनें जोडल्यावांचून नळी लावीत नाहींत.

दुसऱ्या आंकड्याची कसोटी अकरा किलोमीटर उंचीवर लागते. तेथील हवा सुमारें उणे ५६ अंश. मुंबईचा प्रवास इतका अल्प कीं, टाकी पुरती गार होण्यापूर्वींच विमान उतरूं लागतें. लांबच्या प्रवासाची गोष्ट वेगळी. १७ जानेवारी २००८ रोजीं बीजिंगहून लंडनला आलेल्या बोइंग ७७७ विमानाचीं दोन्ही एंजिनें ऐन उतरतांना मंदावलीं. तें धावपट्टीच्या अलीकडेच गवतावर आदळलें. आंतील १५२ माणसें सुदैवानें वांचलीं. चौकशींत आढळलें कीं, तेल गोठलें नव्हतेंच. त्याचें उष्णतामान उणे ३४ अंशांखालीं गेलें नव्हतें. गोठलें होतें तें तेलांतील पाणी, आणि तेंहि नेहमींच्याच प्रमाणांतलें. नळ्यांत धरलेला बर्फ सुटून तेल गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं सांचला व एंजिनांचा घांस अडला. पुढें त्या यंत्राची रचनाच बदलावी लागली.

तेलांत विरघळलेलें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. सुटें पाणी मात्र तेलाहून जड, म्हणून तळाशीं बसतें. त्यासाठीं तळचें थोडें तेल कांचेच्या बरणींत काढून उजेडाशीं धरतात, आणि पाण्यानें रंग बदलणारें द्रव्य लावून पाहतात. रंग बदलला, तर तें तेल विमानांत चढत नाहीं.