केरळची सहल कशी आखावी



चालकांनी आम्हांला सहलीवर बोलायला सांगितले, तेव्हा काही मंडळींना हसू आले. मोर्चे काढणारा माणूस सहल काय आखणार? पण किती माणसे, किती पैसा, किती दिवस आणि कोणता मोसम, हा हिशेब आधी केला नाही तर मोर्चा फसतो आणि सहलही फसते. शिवाय हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा नाहीच. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली, तरी तो हिशेब कायम आहे. ती रजा मिळवायला पिढ्या खर्ची पडल्या आहेत. ती दारे-खिडक्या रंगवण्यात संपवू नका, मुलांना घेऊन चार नवी माणसे पाहून या, असे आम्ही सभासदांना नेहमी सांगतो.

यंदा पुष्कळांच्या मनात केरळ आहे. हिरवे माड, निळे पाणी आणि वर छपराची होडी हे चित्र सर्वांनी पाहिले आहे. ते खोटे नाही. फक्त त्यात राबणारा माणूस दिसत नाही. केरळची हिरवळ निम्मी पावसाने दिली आणि निम्मी हातांनी केली, असे आमचे मत आहे. सहल आखताना दोघांचेही वेळापत्रक पाहावे.

प्रथम पावसाचे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे साधारण १ जूनला येतो. तो ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पाऊस हजर होतो. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात चारशेहून अधिक माणसे गेली, हे पावसाळ्यातले स्वस्त दर पाहताना विसरू नये. मे महिन्यात उकाडा, आणि शेतेही कापून मोकळी झालेली. हिरवे भात पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारी धरावा, कापणी पाहायची तर मार्च.

हे भात कुट्टनाडचे. आलप्पुळा, म्हणजे आपले अलेप्पी, त्याच्या मागचा हा पाणथळ मुलूख. येथे शेती समुद्रसपाटीच्या खाली होते. कोकण-गोव्याकडील मंडळींना खाजण आणि त्याचा बांध ठाऊक आहे; येथे तोच उद्योग सरोवराच्या पोटात शिरून केला आहे. मजुरांनी बुड्या मारून तळाचा चिखल काढला, माडाचे खांब रोवून बांध घातले, आतले पाणी पायांनी चाके फिरवून उपसले. त्यांत पुलय समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. आता उपसा पंप करतात. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा ठरवले. त्या बांधावरून चालताना तो घालणाऱ्यांची आठवण पाहुण्याने ठेवावी.

आलप्पुळा गावाला एक दिवस द्यावा. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजवायची, बायांनी ती बडवून काथ्या काढायचा आणि चाकावर सुंभ वळायचा, ही तेथली जुनी रीत. जवळच कलवूरला काथ्याचे संग्रहालय आहे. १८५९ मध्ये आलप्पुळ्यात काथ्याचा कारखाना निघाला. १९२२ मध्ये कामगारांची संघटना उभी राहिली, १९३८ मध्ये सार्वत्रिक संप झाला, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा व वयलार येथे संस्थानी फौजेने कामगारांवर गोळ्या झाडल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाला हिणवून म्हणतो. आलप्पुळ्याचा इतिहास वाचला की ती म्हण स्तुतीची वाटू लागते.

आता होडी. केट्टुवळ्ळम ही मूळची भात वाहणारी होडी. तिच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने बांधतात. तिच्यावर आता पाहुण्यांसाठी खोल्या असतात. एक रात्र तीत अवश्य राहावे. दुसऱ्या दिवशी मात्र राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट धरून आलप्पुळ्याहून कोट्टयमला जावे. ती तिथल्या लोकांची एस.टी. आहे. शाळेची मुले आणि बाजाराला निघालेल्या बाया यांना आधी जागा द्यावी.

होडीचे भाडे ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. मैल्याची टाकी कोठे रिकामी करता? आणि खलाशी व स्वयंपाकी यांना रोज काय पडतो? वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर यादीत आहे. काठच्या लोकांचे धुणे आणि मासेमारी त्याच पाण्यावर चालते. घासाघीस करून हजार रुपये वाचवल्याची फुशारकी आम्ही पुष्कळ ऐकली आहे. ते हजार मालकाच्या गल्ल्यातून क्वचितच जातात. ते खलाश्याच्या रोजातून निघतात, नाहीतर टाकी सरोवरात ओतून निघतात. आपण पगारवाढ मागणारी माणसे. दुसऱ्याच्या मजुरीला कात्री लावून मौज केली, तर उद्या मालकापुढे कोणत्या तोंडाने बसावे?

तेथे हरताळ फार, अशीही भीती घालतात. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हरताळाला सात दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली. वर्तमानपत्र पाहून निघावे आणि एक दिवस मोकळा राखावा, एवढे पुरे.

शेवटी वायकोम. देवळाभोवतीचे रस्ते सर्व जातींना खुले व्हावेत म्हणून १९२४-२५ मध्ये तेथे सत्याग्रह झाला. त्याच वायकोमहून २०१७ पासून सूर्यशक्तीवर चालणारी ‘आदित्य’ ही बोट पलीकडच्या तीरावर उतारू नेऊ लागली. चहूंकडचे लोक एका बाकावर बसतात. तिकीट काढून आपणही बसावे.

आता हिशेब. १९९८ पासून कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येते. आरक्षण साठ दिवस आधी करावे. जाण्यायेण्याचे तीन दिवस, मुक्कामाचे पाच. २४० दिवसांच्या कामाची बारा दिवस रजा होते. आठ येथे खर्च केले तरी चार दुखण्याखुपण्याला उरतात. ते जपून ठेवा, आणि बाकीच्या आठांसाठी आजच अर्ज लिहा. अर्ज नामंजूर झाला तर युनियनच्या कचेरीत या.

येथे आम्ही आपली रजा घेतो.