किल्ल्यातली माती आणि नाव नसलेले हात



निजामाची राजवट, १९५६ साली उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले आणि आपण भालकीकर म्हैसूर राज्यात आलो, हे सगळं तुमच्या घरोघरी बोललं गेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही; आज बोलायचं आहे ते वस्तूंबद्दल आणि त्या घडवणाऱ्या हातांबद्दल.

भंगारातून, टाकलेल्या, म्हणजे ‘सापडलेल्या’ वस्तूंतून आजचे चित्रकार परक्या सत्तेचा आणि परक्या भांडवलाचा हिशेब मांडताहेत. विवान सुंदरम यांनी १९९८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कोलकात्यातल्या स्मारकातच बंगालचा इतिहास वस्तूंमधून उभा केला. शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या झाकणांची साडी केली. चंद्रपूरकडच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते खाणकामगार काढतात ते कोळशानेच. माझा आग्रह एवढाच, की वस्तू सापडली म्हणणाऱ्याने ती कुणाच्या हातची, हे आधी विचारावं.

हे मला बिदरला उमगलं. एका कारागिराकडे बसलो होतो. जस्त-तांब्याची सुरई मोरचुदाने तात्पुरती काळी करून तिच्यावर नक्षी कोरलेली, खाचांत चांदीची तार ठोकलेली. शेवटचं काम मातीचं. किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. दुसऱ्या पुडीतली ठेवली, मान हलवली, "ही चालेल." मीही चाखली. (श्रोत्यांतून: "चव कशी होती, सर?" हशा.) जिभेला चुरचुरली! मग ती माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापलेल्या सुरईला चोळली. बघता बघता जस्त काळंभोर झालं, चांदी तशीच पांढरी राहिली. सापडलेली वस्तू म्हणतात ती ही माती, पण ती ओळखायला अशी जीभ लागते.

हीच बिदरी कारागिरी १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिथल्या संग्रहालयांच्या जुन्या बहुतेक नोंदींत गाव आहे, कारागीर नाही. संग्रहालयांनी जपलं म्हणून हे काम टिकलं, असं कुणी म्हणेल. मान्य आहे, त्याबद्दल मी ऋणीच आहे. पण मुंबईच्या संग्रहालयावरचं राणीचं नाव १९७५ साली उतरवून भाऊ दाजींचं लावता आलं, मग कपाटातल्या सुरईखाली कारागिराचं का नाही? शाह रशीद अहमद कादरींना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बिदरीमागचं एक नाव देशभर पोचलं. त्यांच्या आधीच्या पिढ्यांचं काय?

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं होती, तीही संपली. शहाबादी फरशी राहिलीच. १८७१ साली रेल्वे रायचूरला पोचली, तिच्या वाटेवरचा हा दगड मराठी घरांच्या ओसरीवर आला आणि तो फोडणारे हात खाणीतच राहिले. त्यावर पुन्हा केव्हातरी.

जाता जाता एक विनंती. घरात बिदरी पानदान असेल, अत्तरदाणी असेल, तर मोडीत घालू नका. चित्रकार मागायला आला तर जरूर द्या. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाजवळ बसा, ती कुणी घडवली, कुणाकडून घेतली ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वस्तूबरोबरच द्या.